अकराचा फोन

माझ्या पाठीवर दोन किल्ल्या आहेत, मित्रांनो. एक वेळेची आणि एक गजराची. डोक्यावर दोन घंटा आहेत आणि त्यांच्यामध्ये एक छोटी हातोडी. यावरून तुम्ही ओळखलेच असेल की मी एक जुने गजराचे घड्याळ आहे. रोज कोणीतरी किल्ली दिली तरच मी चालतो. सध्या मी ऑस्ट्रेलियात, ब्रोकन हिल नावाच्या गावात राहतो. गावाच्या मधोमध खाणीतून काढलेल्या दगडमातीचा काळपट डोंगर आहे, चहूकडे लाल माती आहे आणि रस्त्यांची नावे ऑक्साइड, क्लोराइड, आयोडाइड अशी आहेत. अशा गावात, एका स्वयंपाकघराच्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी माझी जागा आहे.

माझा जन्म मात्र मुंबईच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी कराडच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात आलो. तिथे एके दिवशी मीनाक्षीअक्का आल्या. त्या शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या. आईवडील लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला, मुरलीधरला, त्यांनीच वाढवले होते. त्याला एस.टी.त नोकरी लागली होती आणि पहिलीच पाळी पहाटे पाचची होती.

"मेलेल्या माणसाला जाग येईल असं घड्याळ दाखवा," अक्का दुकानदाराला म्हणाल्या. "माझा भाऊ फार झोपाळू आहे."

दुकानदाराने माझा गजर वाजवला. रस्त्यापलीकडचा पेरूवालासुद्धा दचकून वळला. अक्का हसल्या आणि मी त्यांच्या पिशवीत जाऊन पडलो.

मुरलीधरराव पुढे बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक झाले. सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत. कोणती गाडी किती वाजता लागेल, किती वाजता सुटेल, हे त्यांच्या शिट्टीवर चालायचे. स्थानकावरचे मोठे घड्याळ बहुतेक वेळा बंद असायचे, म्हणून त्यांनी मला केबिनमधल्या टेबलावर आणून ठेवले. रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यांवर ते मला जुळवून घेत. मग दिवसभर खिडकीत डोकी यायची. "कंट्रोलर, तुमचं घड्याळ काय म्हणतंय?" ड्रायव्हर विचारायचे, कंडक्टर विचारायचे, मुंबईच्या गाडीची वाट बघणारे प्रवासीही विचारायचे. माझ्या शब्दाला इतका मान होता! खोटे कशाला सांगू, मला थोडा गर्वही झाला होता.

मग मुरलीधरराव निवृत्त झाले. त्यांच्या खिशात मोबाइल आला आणि मी कपाटावर गेलो. चार वाजून दहा मिनिटांनी माझी किल्ली संपली. ती पुन्हा कोणी दिली नाही. कितीतरी वर्षे मी तसाच चार वाजून दहा मिनिटे दाखवत धुळीत बसून होतो. त्यांची पत्नी वारली, तेव्हा घर माणसांनी भरले आणि रिकामे झाले. ते मी पाहिले, पण किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. बंद घड्याळाला ते कसे कळणार?

त्यांची मुलगी मयूरा डॉक्टर आहे. पुण्यात शिकून ती ऑस्ट्रेलियाला गेली, आणि आता नवरा हृषीकेश व नऊ वर्षांची मुलगी नुपूर यांच्याबरोबर ब्रोकन हिलला राहते. हृषीकेश तिथल्या खाणीत इंजिनिअर आहे. "बाबा, एकटे राहू नका, इकडे या," असे तिने पुष्कळदा विनवले. मुरलीधरराव तयार होत नव्हते, त्याचे कारण अक्का.

अक्का आता सत्त्याहत्तर वर्षांच्या. मधुमेहाने त्यांची नजर गेली होती. उजेड आहे की अंधार, एवढेच काय ते अंधूक कळायचे. पण स्वभाव करारी, त्यामुळे स्वतःच्या दोन खोल्या सोडून त्या कोणाकडे जायला तयार नव्हत्या. मुरलीधरराव रोज सकाळी सातच्या ठोक्याला त्यांच्या दारात उभे राहत आणि म्हणत, "अक्का, सात वाजले." मग अक्का इन्सुलिनचे पेन हातात घेत आणि ते फिरवत त्याचे टक्‌टक्‌ आवाज मोजत. दर आवाजाला औषधाचे एक माप. बारा टक्‌ झाले की सुई घेत. सात वीसला शेजारची दीप्ती नाश्ता घेऊन येई. दीप्तीची छोटी खानावळ आहे. सुई आणि नाश्ता यांत वीस मिनिटांचे अंतर राहावे, अशी ही घडी बसलेली होती.

"तू जा रे," शेवटी अक्काच म्हणाल्या. "नातीबरोबर राहा. माझं काय, तू तिथून फोनवर सात वाजल्याचं सांग. आवाज तोच ना?"

"रोज सांगेन. एक दिवस चुकणार नाही," मुरलीधरराव म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी मला कपाटावरून काढले, फडक्याने पुसले आणि घड्याळजीकडे नेऊन तेलपाणी करून घेतले. मी पुन्हा टिकटिकू लागलो, तेव्हा माझ्याच आवाजाने मी बावरलो होतो.

ऑगस्टमध्ये आम्ही निघालो. सिडनीच्या विमानतळावर मुरलीधररावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मला बरोबर साडेचार तास पुढे लावले. तिथून एका छोट्या विमानाने आम्ही ब्रोकन हिलला पोहोचलो. घरी आल्या आल्या त्यांनी मला या फळीवर ठेवले, शेजारच्या मायक्रोवेव्हवरचे आकडे पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मयूरा, तुमचं हे घड्याळ अर्धा तास मागे आहे बरं का."

"नाही बाबा, ते बरोबर आहे. तुमचं पुढे आहे. इथे ॲडलेडची वेळ चालते."

"पण हे गाव सिडनीच्याच राज्यात ना?"

"हो."

"आणि ॲडलेड दुसऱ्या राज्यात?"

"हो बाबा. इथे आहेच तसं."

'आहेच तसं' या उत्तरावर ज्याने चौतीस वर्षे गाड्या सोडल्या त्याचे समाधान कसे व्हावे? त्यांनी मला नव्या वेळेवर लावले खरे, पण तो प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. मात्र मला लावताना त्यांना एक गंमत सापडली. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि नुपूरला हाक मारली.

"नुपूर, इकडे ये. आत्ता इथे चार वाजून पस्तीस मिनिटं झाली. कराडात किती वाजले असतील?"

नुपूरने टॅबवर पाहिले. "ट्वेल्व थर्टी-फाइव्ह, आबा."

"म्हणजे बरोबर चार तासांचा फरक! मिनिटकाटा जागचा हललाच नाही. सिडनीला असतो तर अर्ध्या तासाची कटकट झाली असती. जगाच्या वेळेच्या हिशेबात आपला देश अर्ध्या तासावर चालतो आणि हे गावही अर्ध्या तासावर चालतं. आहे की नाही ओळखीचं गाव?"

त्या क्षणी त्यांना इथे पहिल्यांदा बरे वाटले असावे.

दुसऱ्या दिवसापासून अकराचा फोन सुरू झाला. इथे माझे अकरा वाजले की तिकडे सात. मुरलीधरराव माझा गजर अकराला लावत, तो वाजला की फोन स्पीकरवर टाकून माझ्यासमोर ठेवत. "अक्का, सात वाजले." पलीकडून टक्‌टक्‌ ऐकू येई. मीही मनात मोजत असे. बारा झाले की अक्का म्हणत, "झाले रे बारा. आता बोल. आज काय पाहिलंस तिथे?"

सांगायला पुष्कळ असे, कारण मुरलीधरराव रोज काहीतरी विचारत हिंडायचे. शेजारी बेव्ह नावाच्या ऐंशी वर्षांच्या बाई राहतात. त्यांचे वडील रेल्वेत होते. एका दुपारी त्या लिंबे द्यायला आल्या, तेव्हा मुरलीधररावांनी नुपूरला दुभाषी म्हणून बसवून तो मनातला प्रश्न विचारला. बेव्ह खो खो हसल्या. त्या बोलत गेल्या आणि नुपूर मराठीत सांगत गेली.

"आबा, ती म्हणते, हे सगळं ट्रेनमुळे झालं. लाँग ॲगो इथे सिल्व्हर सापडली. पण सिडनी सो फार अवे, आणि तिकडे जाणारी ट्रेनच नव्हती. ॲडलेडच्या साइडला ट्रेन होती. सो चांदी तिकडे जायची, भाजी तिकडून यायची, न्यूजपेपर तिकडून यायचा. मग लोकांनी घड्याळ पण तिकडचंच ठेवलं. सिडनीची ट्रेन आली, पण मेनी मेनी इयर्स नंतर."

मुरलीधररावांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे ज्या गावाची गाडी, त्या गावाची वेळ! हे तर आमच्या स्टँडवरचंच गणित झालं. तिला सांग, मला पटलं."

"नो वरीज, मेट," बेव्ह म्हणाल्या. हे मात्र त्यांना नुपूरशिवाय समजले.

सप्टेंबर संपत आला तेव्हा नुपूर शाळेतून एक बातमी घेऊन आली. "आबा, नेक्स्ट संडेला घड्याळ वन अवर पुढे जाणार. डेलाइट सेव्हिंग!"

"कोणाचं घड्याळ?"

"एव्हरीवनचं. वेल, नॉट एव्हरीवन. क्वीन्सलँड करत नाही. डार्विन नाही, पर्थ पण नाही. आपण करतो, सिडनी करतं, मेलबर्न करतं, ॲडलेड करतं."

"पण का म्हणून?"

मयूरा हसून म्हणाली, "बाबा, उन्हाळ्यात इथे सूर्य फार लवकर उगवतो. तो सकाळचा उजेड लोक झोपेत घालवतात. म्हणून एक तास पुढे सरकायचं. मग संध्याकाळी आठ वाजतासुद्धा मुलांना बाहेर खेळता येतं. एप्रिलमध्ये परत मागे."

मुरलीधररावांनी खिडकीतून बाहेरच्या उन्हाकडे पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे दिवस तेवढाच. सूर्यही तोच. फक्त सगळ्या गावाने मिळून एक तास लवकर उठायचं, आणि कुरकुर करू नये म्हणून घड्याळाकडून वदवून घ्यायचं."

हे त्यांना मनापासून आवडले. पुढचे चार दिवस त्यांनी एका मोठ्या पुठ्ठ्यावर वेळापत्रक तयार केले, अगदी स्थानकावर लावायचे तसे. डाव्या बाजूला गावे, वर दोन रकाने, हिवाळा आणि उन्हाळा. पट्टीने रेघा आखल्या. नुपूरने रंग भरले. हिवाळ्यात या देशात ठळक अशा तीन वेळा असतात आणि उन्हाळ्यात पाच होतात, हे मोजून दोघे चकित झाले. सगळ्यांत शेवटी मुरलीधररावांनी कराड लिहिले आणि पुढे ठसठशीत अक्षरांत लिहिले: 'बदल नाही.'

मित्रांनो, जिथे बदल नाही तिथे लक्ष द्यायला नको, असे आपल्याला वाटते. त्यांनाही तसेच वाटले असावे.

शनिवारी संध्याकाळी आठ वाजता समारंभ झाला. हृषीकेश, मयूरा आणि बेव्हसुद्धा स्वयंपाकघरात जमले. मुरलीधररावांनी नुपूरचे बोट माझ्या पाठीवरच्या काटे फिरवायच्या बटणावर ठेवले आणि दोघांनी मिळून मला नऊवर नेले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी टाळ्या वाजल्याचा माझ्या आयुष्यातला तो एकच प्रसंग.

रविवार उजाडला. मयूराची हॉस्पिटलमध्ये ड्यूटी होती, हृषीकेश खाणीवर गेला होता. घरी आजोबा आणि नात दोघेच. माझे अकरा वाजले आणि नेहमीसारखा गजर झाला. मुरलीधररावांनी फोन लावला. तो नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजत राहिला.

"अक्का, सात वाजले."

"वाजले?" अक्कांचा आवाज झोपेतला होता. "आज फार लवकर वाटतंय रे. दूधवाल्याची सायकलसुद्धा वाजली नाही अजून."

"लवकर कसं? घड्याळ मी स्वतः लावलंय काल."

"मग बरोबरच असेल. तू लावलंयस म्हटल्यावर."

टक्‌, टक्‌, टक्‌. बारा झाले. अक्कांनी सुई घेतली. मग मुरलीधरराव कालच्या समारंभाचे वर्णन करू लागले आणि अक्का हुं हुं करत ऐकत राहिल्या. मीही फळीवर ऐटीत बसून ऐकत होतो. माझे काटे अगदी बरोबर होते ना!

फोन संपला. नुपूरने टोस्टवर लोणी लावले, आजोबांनी भाजी चिरायला घेतली. बारा वाजून वीस मिनिटे झाली आणि फोन वाजला. पलीकडे दीप्ती होती आणि ती रडकुंडीला आली होती.

"काका, मी नाश्ता घेऊन आलेय. अक्का कशातरीच करतायत हो! घामाने पार भिजल्यात. हात थरथरतायत. मला ओळखत नाहीत, मला शिवणाच्या वर्गातली मुलगी समजून बोलतायत. काय करू मी?"

मुरलीधररावांनी सुरी बाजूला टाकली. "मयूराला फोन लाव," ते नुपूरला म्हणाले. नुपूरने टॅबवरून आईला फोन लावला, पण तो नुसताच वाजत राहिला. मग तिने हॉस्पिटलचा नंबर लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, डॉक्टर एका पेशंटजवळ आहेत, निरोप देते.

आणि तेव्हा मुरलीधररावांनी माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसे कधीच पाहिले नव्हते. त्यांचे ओठ हलत होते. बारा वीस. त्यातून पाच गेले. सात वीस. आणि अकरातून पाच गेले...

"सहा," ते म्हणाले. "सहाला. मी तिला सहाला उठवलं. तिकडे काही बदललंच नव्हतं."

"आबा?" नुपूर घाबरून म्हणाली.

"तिने सुई घेतली त्याला तास होऊन गेला आणि पोटात अन्नाचा कण नाही. साखर उतरली तिची." मग ते फोनमध्ये बोलू लागले आणि तो आवाज मी ओळखला. पाऊस, गर्दी, बंद पडलेली गाडी, काहीही असले तरी स्थानकावर ज्या आवाजात ते बोलत तोच आवाज. "दीप्ती, नीट ऐक. त्या शुद्धीवर आहेत ना? गिळता येतंय ना? मग पेलाभर पाण्यात तीन-चार चमचे साखर ढवळ आणि घोट घोट पाज. आधी त्यांना बसतं कर. घाई करू नको, पण आत्ता, या मिनिटाला. आणि शेजारच्या कोणाला तरी डॉक्टरांकडे पळव."

पलीकडे डब्याचे झाकण पडल्याचा आवाज आला, मग चमचा पेल्यावर आपटल्याचा. मग काहीच ऐकू येईना. मुरलीधरराव ओट्याला धरून उभे होते. नुपूरने त्यांचा सदरा मुठीत घट्ट धरला होता. घरात फक्त माझी टिकटिक होती आणि मला ती नकोशी झाली होती. थांबता आले असते तर मी थांबलो असतो. पण मित्रांनो, घड्याळाला तेवढी मुभा नसते. एक मिनिट गेले, चार मिनिटे गेली, नऊ मिनिटे गेली.

मग स्पीकरमधून थकलेला, पण स्वतःचा आवाज आला.

"मुरली, किती वाजले रे?"

मुरलीधरराव माझ्याकडे वळलेच नाहीत. नुपूरने माझ्याकडे पाहिले, एका हाताची पाचही बोटे दुमडली आणि हळूच म्हणाली, "साडेसात, आजी. ऑलमोस्ट साडेसात."

तेवढ्यात मयूराचा फोन आला. तिने दीप्तीला सगळे नीट विचारले, अक्कांना खायला द्यायला लावले, डॉक्टर येऊन साखर तपासेपर्यंत तिथून हलू नको असे बजावले. दुपारपर्यंत अक्का ठणठणीत झाल्या. पण आमच्या घरात त्या दिवशी कोणी धड जेवले नाही.

संध्याकाळी मुरलीधररावांनी मला फळीवरून उचलले, आपल्या खोलीत नेले आणि कपाटाच्या खणात स्वेटरांखाली ठेवून खण बंद केला. ते रागावले नव्हते. त्यांचे हात थंडगार होते. दुसऱ्या दिवशी केव्हातरी माझी किल्ली संपली.

घड्याळ बंद पडले तरी कान बंद होत नाहीत. खणातून मला ऐकू यायचे. रोज मयूरा किंवा हृषीकेश अक्कांना फोन करत, आणि अक्का विचारत, "मुरली कुठाय?" "आंघोळीला गेलेत," "बाहेर गेलेत," अशी उत्तरे दिली जात. मुरलीधरराव मात्र तेव्हा खोलीतच खाटेवर बसलेले असत. एकदा मयूरा आत येऊन म्हणाली, "बाबा, बोला ना तिच्याशी. ती वाट बघतेय."

"ज्याचा एक शब्द ऐकून ती मरणाच्या दारात गेली, त्याने काय बोलायचं?"

"चूक झाली बाबा. दर ऑक्टोबरात लोकांच्या चुका होतात. कोणाची ट्रेन चुकते, कोणाचं विमान."

"लोक कंट्रोलर नसतात," ते म्हणाले.

असे जवळजवळ तीन आठवडे गेले, हे मला मागाहून कळले. मग एके दिवशी खोलीचे दार उघडले आणि नुपूर फोन घेऊन आत आली. तिने तो स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवला आणि चटकन म्हणाली, "आबा, इट्स फॉर यू. शी मेड मी प्रॉमिस."

"मुरली," फोनमधून अक्का कडाडल्या. "आहेस ना तिथे? श्वास ऐकू येतोय मला. डोळे गेलेत, कान नाहीत."

"अक्का..."

"एक गाडी उशिरा सुटली म्हणून तू कधी स्टँड बंद केलं होतंस का?"

नुपूरने फोन त्यांच्याकडे आणखी सरकवला.

"सांग ना. केलं होतंस?"

"नाही."

"मग फोन का बंद केलास? आणि चूक तुझी एकट्याची नाही. लवकर वाटतंय असं मीच म्हणाले होते, दूधवाला आला नाही हेही मला कळत होतं. पण स्वतःच्या कानांपेक्षा तुझ्या घड्याळावर विश्वास ठेवला. आता मी शहाणी झालेय. दीप्ती आधी बोटातून रक्त काढून साखर बघते. मग ताट समोर येतं, पोह्यांचा वास येतो, आणि मगच मी सुई घेते. डॉक्टरांनीच बसवून दिलंय तसं. वेळ आता ताटाची, घड्याळाची नाही."

"मग माझ्या फोनची तुला गरज राहिली नाही," मुरलीधरराव हलकेच म्हणाले.

"वेडा आहेस का? सुईसाठी फोन लागत होता तेव्हा तू मला वेळ सांगत होतास. आता नुसता बोलायला कर. त्या बेव्हबाईंच्या लिंबांचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाहीस मला."

मग खाट करकरली. खण उघडला. उजेड आत आला आणि माझ्या पाठीवर ओळखीची बोटे टेकली. एक, दोन, तीन... किल्ली पूर्ण बसेपर्यंत त्यांनी फिरवली. "लिंबांचं लोणचं घातलंय, अक्का," ते फिरवता फिरवता म्हणाले. "मीठ जरा जास्त झालंय."

त्या दिवशी त्यांनी पुठ्ठा पुन्हा समोर घेतला. कराडसमोर लिहिलेले 'बदल नाही' त्यांनी खोडले नाही. त्याच्याच खाली लाल पेनाने एक ओळ लिहिली: 'म्हणून उन्हाळ्यात फोन बाराला.' मयूराने त्या पुठ्ठ्याचा फोटो काढून हॉस्पिटलच्या चहाच्या खोलीत लावला. तिथे केरळच्या नर्सेस आहेत, फिलिपिन्सचे एक डॉक्टर आहेत. प्रत्येकाने खाली आपल्या गावाची एकेक ओळ वाढवली. तो कागद आता हातभर लांब झाला आहे, असे मी ऐकतो.

उन्हाळा छान गेला. रात्रीचे जेवण होऊन गेले तरी बाहेर उजेड असे. राखी पंखांचे, गुलाबी पोटाचे पोपट तारांवर ओळीने बसून कलकलाट करत. आजोबा आणि नात फिरायला जात आणि उरलेल्या उजेडात परत येत. मुरलीधररावांना तो वाढीव तास आवडू लागला होता. बेव्ह त्यांना म्हणाल्या, "तुमची झोप एक तास चोरली, त्याची ही भरपाई." आणि ते हसले.

मग एप्रिल आला. पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी नुपूर माझ्याजवळ स्टूल घेऊन आली. "आबा, टाइम टू गो बॅक! मी करू?"

"थांब," मुरलीधरराव म्हणाले. "आधी फोन."

कराडात दुपारचे तीन वाजले होते. "अक्का, उद्यापासून इथे आमचं घड्याळ एक तास मागे. फोन परत अकराला करीन. तुला मात्र सातलाच वाजेल. तुझं काही बदलायचं नाही."

"कळलं. दीप्तीलाही सांगते. आणि मुरली, ते लोणचं मुरलं का?"

फोन ठेवल्यावर त्यांनी नुपूरला जवळ घेतले. "जुन्या घड्याळाचे काटे उलटे फिरवायचे नसतात. आतली गजराची चाकं दुखावतात. मग एक तास मागे कसं जायचं, सांग बघू."

नुपूरने खूप विचार केला. मग तिचे डोळे चमकले. "वी गो फॉरवर्ड! इलेव्हन अवर्स!"

"शाब्बास. पण हळूहळू."

ती काटे फिरवू लागली. नऊ, दहा, अकरा. बाराला माझा गजर लावलेला होता, तो खणखणून वाजला आणि बेव्हबाईंनी कुंपणापलीकडून विचारले, "काय झालं?" सगळे हसत सुटले. नुपूर मात्र जिभेचे टोक दातात धरून फिरवतच राहिली, अगदी सातवर येईपर्यंत.

मित्रांनो, मी तुमच्याकडे फारसे काही मागत नाही. रोज किल्ली द्या, धूळ पुसा, वर्षाकाठी तेलाचा एक थेंब घाला, एवढ्यावर माझ्यासारखे म्हातारे घड्याळ खूश असते. देशाने ठरवले तर खुशाल एक तास पुढे न्या, एक तास मागे आणा, त्यात मला काही कमीपणा नाही. फक्त काट्याला बोट लावण्याआधी क्षणभर थांबून आठवा, की या वेळेकडे कान लावून कुठे कोण बसले आहे. आधी त्याला कळवा. मग मला हात लावा.